मंगळवार पेठेतून, डबा घेऊन

“चला, मी येतो हं!”

पुण्यातल्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस. संध्याकाळी सहाला सॅक खांद्यावर टाकून मी टीमचा असा निरोप घेतला आणि आजूबाजूची चार क्युबिकल्स खो खो हसली. “अगं, येतो काय? येते म्हण!” पुढचे सहा महिने माझं नाव ‘येतो’ असंच पडलं होतं.

आता यांना कसं सांगायचं, की आमच्या कोल्हापुरात पोरी असंच बोलतात? मी जातो, मी जेवलो, मी अभ्यास करतो. आमची आजी असं बोलायची, आई अजून बोलते, बाजूच्या काकू तर भांडतानाही ‘मी ऐकून घेणार नाही, मी सांगून ठेवतो’ असंच भांडतात. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. मी मात्र पुण्यात येऊन शहाण्यासारखी ‘येते-जाते’ शिकले. आता इतकी सवय झालीये, की ‘येतो’ फक्त फोनवर निघतं. तेसुद्धा पलीकडे आई असेल तर.

गेल्या वर्षी एका गुरुवारी रात्री असाच आईचा फोन आला. मी डेडलाइनच्या तावडीत. आईने तब्येत, जेवण, पाऊस असं सगळं विचारून झाल्यावर शेवटी, फोन ठेवता ठेवता सांगितलं, “आण्णांनी लेथ विकलं बघ. सोमवारी न्यायला येणार हाईत. तुला काय जमतंय काय यायला?”

मी म्हटलं, “मी येतो.”

लेथ म्हणजे काय रे भाऊ?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लेथ इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये पाहिलं असेल, जर्नलमध्ये त्याची आकृती काढली असेल आणि सबमिशननंतर विसरूनही गेला असाल. आमच्या घरात मात्र ते चौथं भावंडच होतं. मी, धाकटा भाऊ, गल्लीतलं सगळ्यांचं मिळून एक कुत्रं आणि लेथ. बटाल्याहून आलेलं, सहा फुटी, हिरव्या रंगाचं. आण्णांनी १९८४ साली बँकेचं कर्ज काढून घेतलं, म्हणजे ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठं. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला तेव्हा आईने घरी पुरणपोळी केली होती आणि आण्णांनी पहिला नैवेद्य मशीनला दाखवला होता.

घर मंगळवार पेठेत आणि शेड शिवाजी उद्यमनगरात. आण्णा सकाळी आठला जायचे आणि त्यांचा डबा दुपारी जायचा. तो डबा पोचवायचं काम पाचवीपासून माझ्याकडे होतं. आमची शाळा सकाळची, त्यामुळे साडेबाराला घरी, दप्तर टाकायचं, दोन घास खायचे आणि चार कप्प्यांचा स्टीलचा डबा घेऊन निघायचं. धाकटा भाऊ लहान म्हणून सुटला. पुढे तो मोठा झाला तेव्हा ‘त्याचा अभ्यास आहे’ म्हणून सुटला.

बेलबागेच्या बाजूने सरळ गेलं तर रस्ता फार तर पंधरा मिनिटांचा. मी मात्र मिरजकर तिकटीवरून, खासबागेला वळसा घालून जायचे. डबा गार व्हायचा. आण्णा रोज विचारायचे, “आज कुठनं आलीस? मुंबईवरनं?”

भोंगा आणि बाई

आमच्या लहानपणी घड्याळ बघायची गरज नसायची. शाहू मिलचा भोंगा वाजला की आई गॅसवर कुकर चढवायची, शेजारचे आजोबा मनगटावरच्या घड्याळाला किल्ली द्यायचे आणि शाळेत उशीर झालेली पोरं पळत सुटायची. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली ही कापडगिरणी उभारली. नंतर ती सरकारी महामंडळाकडे गेली, घरघर लागली आणि २००३ साली बंद पडली. भोंगा थांबला तेव्हा मी कॉलेजात होते. खरं सांगू? पहिले काही दिवस तर मला कळलंच नाही. एके सकाळी आई म्हणाली, “हल्ली कुकर लावायला उशीर का होतोय माझा?” तेव्हा दोघींच्या लक्षात आलं.

शाळेत आमच्या वर्गात निम्म्या मुलींचे वडील फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये, नाहीतर मिलमध्ये. ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला ‘मोल्डर’, ‘फिटर’, ‘टर्नर’, ‘पॅटर्न करतात’ अशी उत्तरं यायची. कुणाचे वडील फौंड्रीत असतील ते तिच्या घरी गेलं की कळायचं. मोरीत लाल साबण, दोरीवर काळपट बनियन आणि दारात मोल्डिंगच्या काळ्या वाळूचे ठसे.

सातवीतली एक गोष्ट मला अजून लख्ख आठवते. गणिताच्या बाईंनी वर्तुळ शिकवायला घेतलं. त्यांनी एक रुपयाचं नाणं वर धरून विचारलं, “याचा व्यास कसा मोजाल?” कुणी पट्टी म्हटलं, कुणी दोरा. मी हात वर केला आणि म्हटलं, “बाई, व्हर्निअरनं. दोन जबड्यांत धरायचं आणि वरची आणि खालची रेघ कुठं जुळतीय ते बघायचं.” बाई थांबल्या. मला फळ्यापाशी बोलावून चित्र काढायला लावलं. मी काढलं. बाई म्हणाल्या, “छान! भावाला सांग हं हे सगळं, त्याला पुढे उपयोगी पडेल.”

भाऊ तेव्हा तिसरीत होता आणि त्याला रुपयाच्या नाण्यात फक्त गोळ्या दिसायच्या. बाईंच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मलाही तेव्हा काही वाटलं नाही. मी खुशीत घरी आले, डबा उचलला आणि निघाले.

लांबचा रस्ता

आता या लांबच्या रस्त्यावर काय होतं म्हणून विचाराल, तर सगळंच होतं.

आधी गल्ली. मंगळवार पेठ ही गल्ल्यांची आणि तालमींची पेठ. कौलारू घरं, मध्येच एखादा दुमजली वाडा, पाण्याच्या वेळेला दारादारात घागरींची रांग. जवळच ‘पाण्याचा खजिना’. हे नाव ऐकून माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला तिथे सोनंनाणं असेल असं वाटलं होतं! कळंब्याच्या तलावातून पेठांसाठी येणारं पाणी साठवायची ती जुनी जागा. पाणी हाच खजिना, असं ज्याला वाटलं तो माणूस मला फार आवडतो. आणि पेठेतली फुटबॉलवेडी तालीम म्हणजे ‘पाटाकडील तालीम’. पाटाच्या कडेची, हे तिचं नावच सांगतं.

इथे एक खुलासा. तालीम म्हणजे फक्त कुस्तीचा आखाडा नव्हे, बरं का. कोल्हापुरात तालीम म्हणजे पेठेचं दुसरं घर. आखाडा आहेच, पण गणपती तालमीचा, फुटबॉलची टीम तालमीची, मोहरमचा पंजा तालमीत बसतो आणि त्याला मलिदा घेऊन हिंदू बायकाही जातात. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, पहिली धावणारी पोरं तालमीची. मुलींना मात्र तालमीत काही काम नसायचं. आम्ही दारातून बघायचो. उंबऱ्यापर्यंत लाल मातीचा आणि तेलाचा वास यायचा, तेवढाच आमचा.

मग मिरजकर तिकटी. तीन रस्ते मिळतात ती तिकटी. चौकाला चार तोंडं असतात, तिकटीला तीन. पुण्यात कुणाला ‘तिकटीवर भेट’ म्हटलं की ते आधी तिकीट विचारतात. तिथून पुढे खासबागेचं मैदान. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, रोमचं कलोझियम बघून आले आणि म्हणाले असणार, ‘आपल्याकडेपण पाहिजे की!’ १९१२ साली हे मैदान झालं. खोलगट वाडग्यासारखं, मध्ये आखाडा, चारी बाजूंनी चढत जाणारी बसायची जागा. मागच्या माणसालाही पुढचा डाव दिसायला पाहिजे, हा त्यातला विचार. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं. एका बाजूला शड्डू आणि दुसऱ्या बाजूला नाट्यपद. दोन्हींचे वेडे बहुतेक वेळा तेच!

आणि मग शाहू स्टेडियम. जुनी माणसं सांगतात, इथे आधी रावणेश्वराचं तळं होतं. ते बुजवून मैदान झालं. सीझनमध्ये मॅच असली की रस्त्यावरच कळायचं. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असेल तर मग विचारूच नका. देशभर पोरं क्रिकेटच्या बॅटी घेऊन फिरत होती तेव्हा आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉलवरून अबोले व्हायचे. वर्ल्ड कप आला की गल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागायचे आणि सख्खे भाऊ वेगवेगळ्या दारांतून ये-जा करायचे. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप झाला तेव्हा भारताच्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना मॅच बघायला लावली होती. कुणी विचारलं, “नातेवाईक आहे का?” म्हटलं, “गाववाला आहे. त्याहून जवळचं काय असतं?”

स्टेडियमच्या बाहेर मी डबा घेऊन उभी राहायचे. आत जायचं धाडस नव्हतं, पण आवाजावरून गोल कुणाचा ते ओळखता यायचं. आपल्या पेठेचा गोल झाला की आवाज पोटातून येतो. समोरच्यांचा झाला की फक्त घशातून.

उद्यमनगर : लोखंडाचा वास

उद्यमनगर सुरू झालं की आधी वास यायचा. गरम लोखंड, कूलंटचं पांढरं पाणी, ऑइल आणि कुठूनतरी मिसळीचा कट. त्या मिसळीसाठी आज लोक मुंबईहून येतात आणि फोटो काढतात. तेव्हा ती कामगारांची न्याहारी होती.

कोल्हापूरला लोखंडाचं हे वेड कुठून लागलं? उसातून! ऊस आला, गूळ आला, गुऱ्हाळांना चरक लागले. शेतीला पाणी उपसायला ऑइल इंजिनं लागली. ती बिघडली तर दुरुस्त करणारे मेस्त्री लागले. दुरुस्त करता करता मेस्त्री म्हणाले, आपणच बनवू की. शाळा जेमतेम शिकलेल्या माणसांनी परदेशी इंजिनं खोलून, मापं घेऊन आपली इंजिनं बनवली. पुढे शेतात विजेचे पंप आले, इंजिनांची मागणी घटली, तेव्हा याच फौंड्र्या मोटारींच्या सुट्या भागांकडे वळल्या. मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसी झाल्या. आज तुम्ही ज्या गाडीतून ऑफिसला जाता, तिच्यातलं एखादं कास्टिंग कोल्हापूरचं असायची शक्यता बरीच आहे.

आणि हे फक्त इंजिनांचं नाही. खरी कॉर्नरला गेलात तर कॅमेऱ्याचं स्मारक दिसेल. बाबूराव पेंटर हे चित्रकार, पण सिनेमा काढायचा म्हणून त्यांनी १९१८च्या सुमारास कोल्हापुरातच स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. म्हणजे आमच्याकडे सिनेमासुद्धा आधी वर्कशॉपमध्ये जन्माला आला!

आण्णांची शेड अशाच एका गल्लीत, वर पत्रा, उन्हाळ्यात भट्टी. मी पोचले की ते मशीन थांबवायचे, हात रॉकेलने पुसायचे, मग साबणाने धुवायचे आणि स्टुलावर बसून जेवायचे. तेवढा वेळ मशीन माझं. म्हणजे हात नाही लावायचा, फक्त बघायचं. पण बघून बघून मला चक कळला, टूलपोस्ट कळला, कुठल्या कामाला कुठला स्पीड ते कळलं. पितळेचा कीस सोनेरी भुगा होऊन पडतो, लोखंडाचा निळसर वेटोळा होऊन निघतो आणि बिडाचा नुसता काळा चुरा. ते वेटोळे मी दप्तरात जपून ठेवायचे. त्यात एकदा हात चांगला कापून घेतला.

सुट्टीत भाऊ यायचा. त्याला ‘कामाची सवय लागावी’ म्हणून आण्णा मुद्दाम आणायचे. तो कंटाळून पोत्यावर झोपायचा. त्याला खूश करायला आण्णांनी एकदा उरलेल्या पितळी सळईचा भोवरा करून दिला. काय भोवरा होता! गल्लीत त्याच्यासमोर लाकडी भोवरे टिकेनात. फिरायला लागला की एका जागी इतका स्थिर, की थांबलाय असं वाटायचं. मी म्हटलं, “मला?” आण्णा म्हणाले, “तुलापण करतो की.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अॅल्युमिनियमचं छोटं लाटणं करून दिलं. गुळगुळीत, सुंदर, दोन्ही टोकांना बारीक नक्षी.

मी खूप दिवस त्याच्याशी खेळले. आवडलंही होतं. पण मला भोवरा पाहिजे होता.

तोच रस्ता, शनिवार दुपार

तर त्या शनिवारी सकाळी तावडे हॉटेलच्या फाट्याला उतरले, रिक्षा केली आणि घरी. आईने न सांगता डबा भरून ठेवलेला. तोच, चार कप्प्यांचा. एका कप्प्याची कडी वेगळी, कारण ती आण्णांनी स्वतः बसवलेली. “तू घेऊन जातीस काय?” आई म्हणाली. मी लांबच्या रस्त्याने निघाले.

गल्लीत निम्म्या कौलांच्या जागी स्लॅब आलेत. पार्किंगला जागा नाही म्हणून बुलेट, स्कूटी आणि एक लांबलचक एसयूव्ही एकमेकींना चिकटून उभ्या. तालीम मात्र जागच्या जागी, बाहेर फ्लेक्सवर पोरांचे वाढदिवस. आतून शड्डूपेक्षा डीजेचा आवाज जास्त. मिरजकर तिकटीवर तीच गर्दी, भेळेच्या गाड्यांवर तीच चुरमुऱ्याची खडखड.

केशवराव भोसले नाट्यगृहापाशी पाय थबकले. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री मी पुण्यात मोबाइलवर ज्वाळांचे व्हिडिओ बघत बसले होते आणि आई फोनवर काहीच न बोलता नुसती रडत होती. याच थिएटरात तिने लग्नाआधी मैत्रिणींबरोबर चोरून नाटक पाहिलं होतं. आगीनंतर ते पुन्हा होतं तसं उभं करायचं काम हाती घेतलं गेलं. मी बाहेर उभी राहिले आणि मनात आलं, नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर आलं. मंत्री आले, कलाकार आले, बातम्या झाल्या. आणि उद्यमनगरात रोज एखादं जुनं लेथ काटावर वजन करून जातं, तेव्हा कोण येतं?

डबा गार झाला होता. शेडमध्ये शिरले तर आण्णा पाठमोरे. मशीन पुसत होते. बेडवर ऑइलचा हात फिरवत होते. उद्या-परवा जायचंय त्याला आंघोळ घालतोय असं. मला बघून म्हणाले, “आलीस? मुंबईवरनं?”

सत्तरी ओलांडलेले आण्णा, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, मापाची रेघ दिसत नाही. सीएनसीच्या जमान्यात त्यांना कामही फार येत नव्हतं. एखादा बुश, एखादी शाफ्ट, जुने गिऱ्हाईक म्हणून. भाऊ बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये. मशीन विकणं बरोबरच होतं. हिशेबात कुठेच चूक नव्हती. तरी जेवता जेवता माझ्या तोंडातून निघून गेलं, “आण्णा, तुम्ही मला कधी विचारलं नाही.”

“काय?”

“शेड बघतीस काय म्हणून. त्याला दहा वर्षं विचारत होता. तो पोत्यावर झोपायचा.”

आण्णांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू तरी कुठं मागितलंस?”

हे खरं होतं. मी कधीच मागितलं नव्हतं. मला मार्क चांगले होते, कॉम्प्युटरला अॅडमिशन मिळाली, सगळे खूश झाले आणि मीही झाले. मागायचं असतं हेच माहीत नव्हतं.

“आणि बाळ,” आण्णा पुढे म्हणाले, “इथं सगळी गडीमाणसं. ह्या आख्ख्या गल्लीत बाईमाणसाला जायला एक संडास नव्हता. तू डबा घेऊन यायचीस तर मी घड्याळ बघायचो, कधी परत जातीस म्हणून. मला भ्या वाटायचं.” जरा थांबले. “एक संडास बांधायला काय लागलं असतं, म्हणा. सुचलं नाही. चुकलंच ते.”

मी इतकी वर्षं मोठमोठी कारणं शोधत होते. परंपरा, समाज, पुरुषी मानसिकता वगैरे. ती आहेतच. पण माझ्या वडिलांपाशी कारण निघालं ते एवढं साधं आणि एवढं खरं. आजही नोकरी बदलताना कॅब, शिफ्ट, वॉशरूम हे आधी विचारणाऱ्या माझ्या मैत्रिणींना ते बरोबर कळेल.

भोवरा

जेवण झाल्यावर आण्णांनी कोपऱ्यातून एक पितळी सळईचा तुकडा काढला. “ओढणी काढून ठेव. केस बांध. घड्याळ काढ.”

मी चकमध्ये सळई धरली. चावीने आवळली. चावी चकमध्येच राहू द्यायची नाही, हे कुणी न सांगता लक्षात होतं. मशीन चालू केलं आणि हातात तो थरथराट आला. लहानपणी लांबून ऐकलेला आवाज हातात कसा लागतो ते पहिल्यांदा कळलं. “तिसऱ्या गिअरला खडखडतंय, घाबरू नको. त्याला सवय आहे,” आण्णा म्हणाले. आधी फेसिंग. मग स्लाइड तिरकी करून निमुळता उतार. सोनेरी भुगा हातावर उडत होता. दोनदा कट जास्त घेतला, आण्णांनी नुसतं “हं!” म्हटलं. शेवटी आर बसवायला भोक पाडलं, पोलादी आर ठोकली.

आण्णांनी भोवरा हातात घेतला, चष्मा वर केला, व्हर्निअर लावला आणि मलाच वाचायला दिला. “किती?” मी सांगितलं. “मग आर मध्यात नाही,” ते म्हणाले. “डगमगणार.”

दोरी गुंडाळून शेडच्या कोब्यावर टाकला. डगमगला. एका बाजूला झुकत, थरथरत, पण फिरला. आम्ही दोघं तो पडेपर्यंत बघत बसलो.

“शंभर केलेस की जमंल,” आण्णा म्हणाले. मग दोघांच्याही लक्षात आलं, की आता शंभर होणार नाहीत. कुणी काही बोललं नाही.

सोमवार

सोमवारी दहाला टेम्पो आला. गिऱ्हाईक शिरोलीकडचं, तिशीतला मुलगा, नुकताच धंद्यात पडलेला. भंगारात घालणार नाही, चालवणार आहे, हे आण्णांनी आधीच वदवून घेतलं होतं. त्यासाठी भंगारवाल्यापेक्षा कमी भाव घेतला, हे आईने मला नंतर सांगितलं. चेन ब्लॉक लावला, खाली पाइप घातले, चार माणसांनी ‘हां हां, धर, सोड’ करत मशीन बाहेर आणलं. आण्णा आत पाठ करून उभे होते. टेम्पोचं फाळकं लागलं तसे एकदम बाहेर आले आणि त्या मुलाला म्हणाले, “तिसऱ्या गिअरला आवाज करतंय. बिघडलंय म्हणून खोलू नका. ते तसंच आहे.”

मुलगा म्हणाला, “व्हय काका.”

“आणि खंडेनवमीला हार घाला.”

टेम्पो वळला. शेडमध्ये जिथे मशीन होतं तिथे चाळीस वर्षांच्या तेलाचा काळा चौकोन राहिला. आजूबाजूचा कोबा त्यापेक्षा फिकट. शेजारच्या शेडमधले दोघं हात पुसत आले, आण्णांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. चहा आला. म्हणजे येतं की कुणीतरी. माझा शनिवारचा प्रश्न चुकला होता.

तर पुढच्या लाँग वीकेंडला कोल्हापूरला जाल, तेव्हा अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा, चपला हे सगळं कराच. पण एक दुपार पेठेसाठी ठेवा. मिरजकर तिकटीवरून चालायला लागा, खासबागेच्या आखाड्यात डोकावा, स्टेडियमवर मॅच असेल तर आत जा (मुलींनो, तुम्हीसुद्धा!), आणि उद्यमनगरात एखाद्या उघड्या शेडच्या दारात दोन मिनिटं थांबा. आतला माणूस मशीन बंद करून विचारेल, “काय पाहिजे?” त्याला सांगा, काही नाही, बघायला आलोय. तो स्टूल पुढे करेल. आणि बरोबर एखादी चुणचुणीत पोरगी असेल, तर तिला विचारून बघा, तुला भोवरा पाहिजे काय.

माझा भोवरा ऑफिसच्या डेस्कवर असतो. मीटिंग लांबली की मी तो फिरवते. डगमगतो. परवा संध्याकाळी बॅग उचलली आणि न ठरवता तोंडातून गेलं, “चला, मी येतो!”

नवीन आलेली एक मुलगी हसली. म्हणाली, “मॅडम, तुम्ही कोल्हापूरच्या काय? मीपण!”